पहिल्या पुराचे पाणी कुणाचे?

मृग लागला, पहिला दणक्याचा पाऊस झाला आणि नाल्यांचे गढूळ पाणी नदीला येऊन मिळाले की मासा प्रवाहाच्या उलट दिशेने वर निघतो. मराठीत त्याला चढणीचा मासा म्हणतात. उन्हाळाभर डोहात दबून राहिलेले मासे या एका पाण्याची वाट पाहत असतात. हा प्रवास हौसेचा नसतो. खालच्या खोल, गाळाच्या पाण्यात अंडी जगत नाहीत, म्हणून मादी नुकत्याच बुडालेल्या उथळ वाहत्या पाण्याकडे जाते. रोहूच्या एक किलो वजनाच्या मादीच्या पोटात दोन-तीन लाख अंडी असतात. ती पाण्याबरोबर खाली वाहत येतात आणि साधारण १५ ते १८ तासांत फुटून त्यातून पिले निघतात. म्हणजे माशाला वर चढायला जशी मोकळी वाट लागते, तशीच अंड्यांना खाली वाहायला मोकळी नदी लागते. मध्ये भिंत आली तर मादी चढत नाही. मध्ये साचलेले पाणी आले तर अंडी तळाशी बसून मरतात.

वऱ्हाडात या माशावर कोण जगत होते? पहिला भोई, ढिमर, कहार. नदी हाच त्यांचा सातबारा. दुसरा गावकुसाबाहेरचा भूमिहीन शेतमजूर, म्हणजे आपलाच माणूस. जून-जुलै हे त्याच्या घरातले सर्वात कठीण दिवस असतात. मागच्या हंगामाचे धान्य संपलेले, नव्या हंगामाची मजुरी अजून पुरती हाती नाही. अशा दिवसांत नाल्यावर लावलेल्या एखाद्या जाळ्यात मिळणारे झिंगे आणि बोटभर मासे हे त्या घरातले वर्षातले सर्वात चांगले खाणे असे. त्यासाठी कुणाच्या दारात उभे राहावे लागत नव्हते, सावकाराकडे नाव लिहावे लागत नव्हते. उरले ते वाळवून ठेवायचे, म्हणजे श्रावणातही कोरड्या भाकरीला आधार. या अन्नाची नोंद कोणत्याही सरकारी कागदात नव्हती. म्हणूनच ते नाहीसे झाले तेव्हा कोणत्याही सरकारी कागदात नुकसानही दिसले नाही.

आता नदीकडे पाहू. आपली पूर्णा सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यात उगम पावते; अमरावती, अकोला, बुलडाणा ओलांडून मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. उत्तरेकडून तिला चंद्रभागा, शहानूर, वान मिळतात. दक्षिणेकडून पेढी, उमा, काटेपूर्णा, मोर्णा. यातली एकही नदी आज मोकळी नाही. चांदूर बाजार तालुक्यात विश्रोळीला पूर्णेवरच धरण. अंजनगावच्या वर शहानूर. तेल्हाऱ्यात वारीला वान. बार्शीटाकळी तालुक्यात महानला काटेपूर्णा, जिच्यावर अकोला शहर पाणी पिते. पातूरकडे मोर्णा आणि निर्गुणा. भातकुली तालुक्यात निंभ्याला पेढीवर निम्न पेढी. मुख्य पूर्णेच्या पात्रात घुंगशी आणि नेरधामणा येथे बॅरेज, पुढे बुलडाण्यात जिगाव. संगमाच्या खाली गेले की भुसावळजवळ हतनूर, मग तापीवरचे बॅरेज, मग गुजरातेत उकाई आणि काकरापार. समुद्रातून निघालेल्या माशाने वऱ्हाडापर्यंत येण्याचे स्वप्नही पाहू नये, असा हा बंदोबस्त आहे. नर्मदेत भरूचला पाला मासा मिळे, तो सरदार सरोवरानंतर किती उरला हे तिथल्या मच्छीमारांना विचारावे. कावेरीत १९३४ साली मेट्टूर धरण झाले आणि पाल्याची वरची वाट कायमची बंद झाली. गंगेत १९७५ च्या फराक्का बंधाऱ्याने अलाहाबादचा पाला संपवला. आपला मासा समुद्रातून येणारा नाही, नदीतल्या नदीत चढणारा आहे. त्यामुळे त्याच्या मरणाची बातमी एवढ्या लांब गेली नाही, इतकेच.

पूर्व बाजूला वर्धा नदी. मोर्शीजवळ सिंभोऱ्याला तिच्यावर अप्पर वर्धा धरण बांधले, ते १९९३ च्या सुमारास पूर्ण झाले. त्याला १३ दरवाजे आहेत. दरवर्षी ते उघडले की वर्तमानपत्रांत फोटो येतात, पर्यटक जमतात. परंतु दरवाजे उघडतात केव्हा? धरण भरत आल्यावर, बहुधा जुलैअखेर किंवा ऑगस्टमध्ये. जूनमधला पहिला पूर, ज्याची मासा वाट पाहतो, तो धरण संपूर्ण पोटात घेते. खाली दरवाज्यातून पाणी सुटते तेव्हा चढणीचा काळ सरत आलेला असतो. धरणाच्या भिंतीपेक्षाही ही वेळेची चोरी माशाला जास्त महागात पडते, असे आमचे मत आहे. भिंत डोळ्यांना दिसते, वेळेची चोरी दिसत नाही.

इथे आमच्यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो चळवळीतूनच घेतला जाईल. तुम्ही बाबासाहेबांचे अनुयायी म्हणवता आणि धरणांच्या विरोधात लिहिता? आक्षेप गंभीर आहे, त्याला बगल देऊन चालणार नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी या देशाच्या जलनीतीचा पाया घातला. दामोदर खोरे, महानदीवरील हिराकूड, केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग ही त्या काळातली कामे आहेत. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे झालेल्या परिषदेत त्यांनी पाणी अडवून त्याचा बहुउद्देशीय वापर करण्याची भूमिका मांडली. पुराचे पाणी हे संकट नसून संपत्ती आहे आणि ती दरिद्री माणसाच्या कामी आली पाहिजे, हा त्या भूमिकेचा गाभा. ती भूमिका आम्ही मान्य करतो. शिवाय आम्ही वऱ्हाडातले आहोत. सिंचनाच्या अनुशेषाचा हिशेब १९८४ च्या दांडेकर समितीपासून चालू आहे आणि राज्यात इतर ठिकाणचा अनुशेष भरून निघाला तरी अमरावती विभागाचा रेंगाळला, हे आम्ही जाणतो. खारपाणपट्ट्यातल्या शेकडो गावांत विहिरीचे पाणी पिता येत नाही. तिथल्या बाईला वानचे नळाचे पाणी आले तेव्हा काय वाटले असेल, हे शहरात बसून पर्यावरण सांगणाऱ्यांना कळणार नाही. कोरडवाहू कापूस उत्पादकाने फास लावून घेतल्याच्या बातम्या वाचत आम्ही वाढलो. त्यामुळे धरणे पाडा, अशी घोषणा आमच्या तोंडून निघणार नाही.

पण बाबासाहेबांचा बहुउद्देशीय हा शब्द नीट वाचला पाहिजे. सिंचन, वीज, पूरनियंत्रण आणि नौकानयन असे ते उद्देश होते. त्या आयोगाच्या नावातच नौकानयन होते. ज्या नदीतून नाव चालवायची आहे, ती नदी तुकडे करून बंद करता येत नाही. तिला बंधाऱ्यातून वाट ठेवावीच लागते. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्त्यांनी बहुउद्देशातले बरेच उद्देश गाळून टाकले. उरले ते पाणी साठवणे आणि कंत्राट देणे. २०१२ साली राज्यातला सिंचन घोटाळा गाजला, निम्न पेढी आणि जिगावसारख्या प्रकल्पांच्या कंत्राटांवरून नागपूर खंडपीठापुढे याचिका झाल्या, तेव्हा त्या उद्देशांपैकी कोणता टिकला हे सर्वांनी पाहिले. अप्पर वर्धाचे प्रकल्पग्रस्त धरण होऊन तीस वर्षे लोटल्यावरही रस्त्यावरच होते. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी मंत्रालयातल्या सुरक्षा जाळीवर उड्या घेतल्या. ज्या व्यवस्थेने माणसाचा हिशेब चुकता केला नाही ती माशाचा कुठून करणार, असे कुणी म्हणेल. आमचे उत्तर असे की हे दोन हिशेब वेगळे नाहीत. ज्याची जमीन गेली त्याचे नाव निदान भूसंपादनाच्या यादीत आहे. ज्याचा मासा गेला, त्याचे नाव कोणत्याच यादीत नाही.

भोई समाजाची कायदेशीर स्थिती काय आहे, ते सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात हा समाज भटक्या जमातींच्या 'ब' प्रवर्गात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, नाले आणि त्यांची पात्रे शासनाच्या मालकीची. विदर्भापुरती याच संहितेत निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची तरतूद आहे. वाजिब-उल-अर्ज म्हणजे गावातल्या वहिवाटींची नोंद. कलम १६५ मध्ये मासेमारीच्या हक्काचा शब्दशः उल्लेख आहे. वाचून आनंद होतो, पण पुढचे वाक्य वाचले की आनंद ओसरतो. कारण ही नोंद शासनाच्या मालकीच्या किंवा ताब्यातल्या पाण्याला लागू नाही. नदी तर शासनाचीच! म्हणजे ज्या पाण्यावर पिढ्यानपिढ्या मासेमारी झाली, नेमके तेच पाणी वहिवाटीच्या नोंदीतून बाहेर. मग भोयाच्या हाती उरते काय? सहकारी संस्था काढा, जलाशयाचा ठेका मागा, ठेक्याची रक्कम भरा, मत्स्यबीज विकत घ्या, सोडा आणि जे वाचेल ते पकडा. नदीवर स्वतंत्रपणे जगणारा माणूस असा ठेकेदाराचा मजूर किंवा ठेक्याचा कर्जदार झाला.

या संस्थांची कागदपत्रे वकिलीच्या निमित्ताने आमच्याकडे येतात. त्यातले बहुतेक खटले ठेक्याच्या थकबाकीचे, हद्दीचे आणि बाहेरच्या माणसाने संस्थेच्या नावावर चालवलेल्या धंद्याचे असतात. एकाही कागदात नदीतला मासा का कमी झाला, हा प्रश्न नसतो. मत्स्यव्यवसायाचा सारा विचार आता बोटुकलीवर येऊन थांबला आहे. रोहू, कतला, मृगळ यांची बोटुकली जलाशयात सोडायची, पिंजऱ्यात मासे वाढवायचे. २०२० मध्ये केंद्राने २०,०५० कोटींची मत्स्य संपदा योजना जाहीर केली, तिचाही भर मुख्यतः उत्पादन वाढवण्यावर आहे. उत्पादन वाढावे, आमची हरकत नाही. पण जो मासा नदी फुकट तयार करत होती, तो दरवर्षी विकत घेऊन पाण्यात टाकावा लागणे याला प्रगती म्हणायचे का? शिवाय बोटुकली मोजक्या जातींची असते. नदीतल्या लहानसहान डझनावारी जाती कोणत्याही केंद्रात तयार होत नाहीत आणि गरिबाच्या ताटात त्याच येत होत्या. लोणावळ्याजवळ टाटांच्या वळवण केंद्रात १९७० च्या दशकापासून महासीरची पैदास होते. तो उपक्रम चांगला आहे, पण धरणांनी जे थांबवले त्याचीच ती भरपाई आहे, हेही लक्षात ठेवावे. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने पापलेटला राज्यमासा घोषित केले. समुद्राच्या माशाला मान मिळाला, ठीक. नदीच्या माशाची आठवण कुणाला झाली असती, तर त्याची वाट कुठे बंद आहे तेही विचारले गेले असते.

जगात या प्रश्नाचे काय झाले? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सामन नावाचा मासा समुद्रातून नदीत चढतो. तिथल्या मूलनिवासी जमातींनी १८५४-५५ मध्ये गोऱ्यांशी करार केले, जमिनी सोडल्या, पण नेहमीच्या जागी मासेमारी करण्याचा हक्क राखून ठेवला. पुढे शंभर वर्षे तो हक्क कागदावर राहिला. स्वतःच्या नदीत मासे धरले म्हणून त्यांना अटका झाल्या. तुरुंगात जाण्याची तयारी ठेवून त्यांनी नदीत जाळी टाकण्याचा सत्याग्रह केला. १९७४ मध्ये न्यायमूर्ती बोल्ट यांनी निकाल दिला की करारातल्या शब्दांचा अर्थ अर्धा हिस्सा असा होतो. १९७९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल मुख्यतः कायम केला. इथपर्यंतची हकिकत अनेकांना ठाऊक असेल. वकील म्हणून आम्हाला त्यापुढची जास्त महत्त्वाची वाटते. जमाती पुन्हा न्यायालयात गेल्या. त्या म्हणाल्या, अर्ध्या माशांवर आमचा हक्क आहे हे तुम्ही मानले, पण वॉशिंग्टन राज्याने रस्त्यांखाली अशा मोऱ्या बांधल्या आहेत की मासा वर येऊच शकत नाही. मासाच आला नाही तर अर्धा हिस्सा कशाचा? न्यायालयाने हे म्हणणे स्वीकारले. २०१३ मध्ये मोऱ्या दुरुस्त करण्याचा आदेश झाला. २०१८ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तिथे न्यायमूर्तींची चार विरुद्ध चार अशी विभागणी झाली आणि खालचा आदेश कायम राहिला. राज्याला स्वतःच्या खर्चाने शेकडो मोऱ्या बदलणे भाग पडले.

मासेमारीच्या हक्कात मासा येण्याचा हक्क सामावलेला आहे, हे त्या निकालाचे सार. वॉशिंग्टनमधल्याच एल्वा नदीवर १९१३ आणि १९२७ मध्ये बांधलेली दोन धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडली. क्लामथ नदीत सप्टेंबर २००२ मध्ये हजारो सामन मरून पडले, तेव्हापासून युरोक, कारुक आणि इतर जमातींनी लढा दिला; २०२३ आणि २०२४ मध्ये तिथली चार धरणे काढण्यात आली. शेवटचे धरण निघाल्यावर काही आठवड्यांतच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पूर्वी जिथे भिंत होती त्याच्या वर सामन दिसला. शंभर वर्षे बंद असलेल्या वाटेवर तो न चुकता गेला. मात्र ती धरणे विजेची होती, जुनी झाली होती आणि ती चालवणे मालकालाही परवडत नव्हते. काटेपूर्णेवर एक शहर तहान भागवते. तेव्हा क्लामथची नक्कल वऱ्हाडात होणार नाही. घ्यायचा आहे तो मोरीचा युक्तिवाद.

कारण आपल्याकडेही तो लागू पडतो. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(१)(ड) मध्ये मासे आणि जलाशयातील इतर उत्पन्नावरचा सामुदायिक हक्क स्पष्ट शब्दांत दिला आहे. मेळघाटातल्या कोरकू गावांना हा हक्क कायद्याने आहे. पण मेळघाटातून उतरणाऱ्या नद्यांवर पायथ्याशी भिंती आहेत. खालून मासा चढणार नाही, मग वरच्या गावाचा हक्क कशावर? हा प्रश्न अमेरिकेतल्या जमातींनी विचारलेल्या प्रश्नाहून वेगळा नाही. आणि डोंगरावरच्या आदिवासीला जो हक्क कायद्याने आहे, तो डोंगराखालच्या भोयाला का नसावा, हा त्याचा पुढचा प्रश्न. १९९६ च्या डिसेंबरात कमलनाथ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक संपत्तीबाबत शासन हे मालक नसून विश्वस्त आहे, असे सांगितले. कलम २० मधली मालकी या निकालाच्या प्रकाशात वाचावी लागेल. ९ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सर्व राज्यांना नद्यांत उन्हाळी प्रवाहाच्या सरासरीच्या किमान १५ ते २० टक्के पाणी वाहते ठेवण्यास सांगितले. पूर्णेत मे महिन्यात किती पाणी वाहते, हे वाचकांनी स्वतः जाऊन पाहावे.

महाडची एक गोष्ट इथे आठवते. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, हे सर्वांना पाठ आहे. त्यानंतर दहा वर्षे चाललेला दावा कमी लोक वाचतात. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो दावा आपल्या बाजूने लागला, कारण अस्पृश्यांना वगळण्याची रूढी फार प्राचीन असल्याचे समोरच्यांना सिद्ध करता आले नाही. रूढी सिद्ध करावी लागते, तिचा पुरावा लागतो. भोयांची वहिवाट खरी आहे, पण तिचा पुरावा कुठे आहे? म्हातारे जातील तसा तो जात आहे. जैवविविधता कायदा, २००२ खाली प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते. अनेक ठिकाणी ती नोंदवही कुणीतरी टेबलावर बसून भरली आहे. तिच्यात कोणता मासा कोणत्या नाल्याने कधी चढत असे, कुणी धरत असे, कोणत्या सालापासून दिसेनासा झाला, हे भोई आणि आपल्या वस्तीतल्या वृद्धांच्या तोंडून लिहून घेतले तर उद्या तोच पुरावा होईल.

नदी पुनरुज्जीवन हा शब्द आपल्याकडे नवा नाही. जानेवारी २०१८ मध्ये अकोल्यात मोर्णा स्वच्छता मोहीम झाली. हजारो नागरिक नदीत उतरले, जलकुंभी काढली, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये उल्लेख केला. नागरिकांच्या श्रमाबद्दल आम्हाला आदर आहे. पण जलकुंभी वाढते ती सांडपाण्यावर, आणि सांडपाणी साचते कारण वरून पाणी येत नाही. वर धरण, खाली गटार आणि मध्ये सुशोभित काठ, याला नदी म्हणता येणार नाही. नदी जिवंत झाली की नाही याचे माप काठावरचे दिवे किंवा घाट नव्हे. तिच्यात मासा चढतो का, एवढे पाहावे. पेढीच्या काठी वलगावजवळ डिसेंबर १९५६ मध्ये गाडगेबाबांनी देह ठेवला. पूर्णेकाठी ऋणमोचनला त्यांनी घाट बांधवला. त्या घाटावर त्यांच्या नावाने भाषणे देणाऱ्यांनी खाली पाण्याकडेही एकदा पाहावे. आणि २०१४ च्या अखेरीस सुरू झालेल्या जलयुक्त शिवारचे काय? नाले यंत्राने खोल आणि सरळ केले, जागोजाग सिमेंटचे बंधारे घातले. काही विहिरींना पाणी आले, नाकारता येणार नाही. पण ज्या उथळ, गवताळ नाल्यांत मासा अंडी देत होता ते नाले कालव्यासारखे झाले. जिथे मोठी धरणे पोहोचली नव्हती, तिथे ही कंबरेएवढी भिंत पोहोचली. माशाला कंबरेएवढी भिंतही पुरते.

करता येण्यासारखे बरेच आहे आणि ते स्वस्त आहे, म्हणूनच कदाचित होत नाही. कोल्हापुरी बंधारा घ्या. त्याची मूळ कल्पनाच अशी की पावसाळा संपताना लोखंडी पाट्या बसवायच्या आणि पावसाळ्यापूर्वी काढायच्या. पाट्या वेळेवर काढल्या तर बंधारा पावसाळ्यात नदीला मोकळा असतो, मासा त्यातून जातो. प्रत्यक्षात कुठे पाट्या गंजून अडकलेल्या, कुठे चोरीला गेलेल्या, कुठे काढायला मजूर आणि पैसा नाही म्हणून वर्षभर तशाच. एकही नवी वीट न लावता, फक्त ७ जूनपूर्वी पाट्या काढण्याचा नियम पाळला तर कितीतरी किलोमीटर नदी चढणीला मोकळी होईल. बॅरेजचेही तसेच. त्यांचे दरवाजे पुरात उघडावेच लागतात. पहिल्या पुराच्या वेळी काही दिवस ते तळापासून उघडे ठेवले आणि साठवण त्यानंतर केली तर सिंचनाचे नुकसान होण्याचे कारण नाही, कारण बॅरेज भरायला पावसाळ्याचा शेवट पुरतो. मोठ्या धरणांबाबत मागणी वेगळी. तिथे भिंत ओलांडण्याची शिडी उपयोगाची नाही; परदेशातल्या शिड्या उडी मारणाऱ्या सामनसाठी आहेत, आपला रोहू तसा उडी मारत नाही. पण जूनच्या पहिल्या येव्यातला ठराविक हिस्सा खाली सोडण्याचे कलम धरणाच्या परिचालन सूचीत घालता येते. खाली निदान धरणापर्यंतची नदी तरी जागी होईल. लहान पक्क्या बंधाऱ्यांना खालच्या अंगाने मोठ्या धोंड्यांचा लांब उतार बांधता येतो, त्यावरून मासा चढू शकतो. जे बंधारे फुटलेले, गाळाने भरलेले, कुणाच्याही उपयोगाचे नाहीत, ते दुरुस्तीच्या नावाखाली पुन्हा बिल काढण्यासाठी न ठेवता काढून टाकावेत. वऱ्हाडात धरण काढण्याची भाषा कुठे लागू होत असेल तर ती अशा मृत बंधाऱ्यांना.

याबरोबर डोह आले. उन्हाळ्यात मासा डोहात जगतो आणि पूर्णेचे डोह वाळूउपशाने संपत आहेत. वाळूचा ट्रॅक्टर कुणाच्या वरदहस्ताने चालतो हे प्रत्येक गावाला माहीत आहे. चढणीच्या माशाला बंधाऱ्याच्या पायथ्याशी कोंडीत गाठून वीजप्रवाह सोडणारे, ब्लीचिंग पावडर टाकणारेही आपल्यात आहेत. पोटात लाखो अंडी असलेली मादी अशी मारली की पुढच्या दहा वर्षांचा मासा मारला. पाण्यात विष किंवा स्फोटके टाकून मासे मारणे १८९७ च्या कायद्यापासून गुन्हा आहे. समुद्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. नदीत अशी बंदी पाळली जाताना आम्ही पाहिलेली नाही. ती आणायची असेल तर त्या दोन महिन्यांची भरपाई भोई कुटुंबांना आधी मिळाली पाहिजे. नाहीतर पुन्हा गरिबाच्याच जाळ्यावर छापा आणि वाळूचा ट्रॅक्टर मोकळा.

आपले काही तरुण म्हणतील, हा भोयांचा प्रश्न आहे, आपण का बोलायचे? बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोहिणी नदीच्या पाण्याचा शाक्य-कोलियांमधला तंटा सांगितला आहे. पाणी कुणाचे या प्रश्नाला या परंपरेत किती जागा आहे, हे वेगळे सांगायला नको. काही उपासक याउलट विचारतात की मासे वाचवा म्हणता आणि खाताही, हे कसे? खाणाऱ्यालाच मासा उरावा अशी सर्वात जास्त गरज असते, एवढेच आम्ही त्यांना सांगतो.

जानेवारी ते मार्च हा काळ या कामाला योग्य आहे. आपल्या तालुक्यातल्या एका कोल्हापुरी बंधाऱ्याचे नाव घ्या आणि माहितीच्या अधिकारात जलसंधारण किंवा जलसंपदा विभागाच्या उपविभागीय कार्यालयाला इतके विचारा: या बंधाऱ्याच्या किती पाट्या नोंदवहीत आहेत आणि किती प्रत्यक्ष जागेवर आहेत, मागील तीन वर्षांत त्या कोणत्या तारखेला काढल्या आणि कोणत्या तारखेला बसवल्या, त्यासाठी किती खर्च झाला आणि कुणाला दिला, बंधाऱ्यावरील मासेमारीचा ठेका आहे काय. उत्तर ३० दिवसांत यावे लागते. न आल्यास पहिले अपील करावे. अर्जावर आपल्याबरोबर गावातल्या भोई संस्थेच्या एका सभासदाचाही वेगळा अर्ज जोडावा, म्हणजे पुढे जिल्हाधिकाऱ्यांकडे निवेदन देताना दोन्ही उत्तरे हाती असतील. एप्रिलपर्यंत उत्तरे आली तर ७ जूनपूर्वी पाट्या काढण्याची लेखी मागणी करायला पुरेसा अवधी राहतो.